बिऱ्हाड गाडीवर

दिवाळी सरते, ऊस तोडणीला येतो आणि कोल्हापूर जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटते. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव एरवी इतिहासामुळे सर्वांना ठाऊक आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी याच परिसरातील खिंडीत सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. थंडीच्या दिवसांत या मुलखात दुसरीच फौज उतरते. तिच्या हाती तलवारी नसतात, कोयते असतात. बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगार येथील साखर कारखान्यांकडे येऊ लागतात.

त्यांची ट्रॉली रस्त्याने जाताना नीट पाहा. तळाशी ज्वारी-बाजरीची पोती असतात. त्यांवर अंथरुणे, भांडी, सरपण, पाण्याची पिंपे, एखादी शेळी, झाकलेल्या टोपलीत कोंबड्या आणि सर्वांच्या वर मुले. उद्या हीच ट्रॉली उसाने शिगोशीग भरेल. आज मात्र ती घर झाली आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे या माणसांचे बिऱ्हाड गाडीवर!

मालासाठी केलेली गाडी माणसाच्या वस्तीसाठी कशी सजवावी, हा प्रश्न जुना आहे. मोटारी नव्हत्या तेव्हा कोल्हापूर आणि बेळगावकडची शेतकरी मंडळी सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या यात्रेला बैलगाडीने जात. ज्या गाडीतून काल शेणखत शेतात नेले, तीच गाडी धुऊन, सारवून, तिच्यावर छप्पर घालून यात्रेला निघे. वाटेत कित्येक रात्री तिच्यातच किंवा तिच्या आडोशाला काढाव्या लागत. अशी गाडी सिद्ध करताना त्या शेतकऱ्यांनी जे नियम पाळले, तेच नियम आज परदेशांत मोटारीमागे जोडायच्या लहान मालगाडीचे घर करणारे कारागीरही पाळतात. ते नियम कोणते, ते आता पाहू.

पहिला नियम समतोलाचा. दोन चाकांची गाडी म्हणजे एक तराजूच होय. दोन्ही चाकांना जोडणारा जो दांडा असतो त्याला कणा म्हणतात. कण्याच्या पुढचा भार गाडीचे तोंड खाली दाबतो, तर मागचा भार ते वर उचलतो. मागे भार फार झाला की गाडी उलाळ झाली असे म्हणतात. मग जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे भार फार झाला तर गाडी धुरजड होते आणि बैलांच्या खांद्यांना घट्टे पडतात. म्हणून जुवावर भार यावा, पण तो थोडकाच यावा.

भार किती आहे एवढेच पाहून भागत नाही. तो कण्यापासून किती अंतरावर आहे, हेही पाहावे लागते. कण्याच्या मागे १ मीटरवर ६० किलोचे पोते ठेवले, तर त्याचा तोल साधण्यासाठी पुढे २ मीटरवर ३० किलोचे ओझे पुरते. साठ गुणिले एक आणि तीस गुणिले दोन, दोन्ही गुणाकार सारखेच येतात. मोटारीमागे जोडायच्या एका कण्याच्या गाडीबाबत अनेक कारागीर असा अंदाज सांगतात, की एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढच्या जोडणीवर यावा. गाडी ५०० किलोची असेल, तर जोडणीवर सुमारे ५० किलो भार हवा. तो फार कमी पडला, तर वेगात गाडीचे शेपूट डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागते आणि अपघात ओढवतो. बैलाच्या गळ्याला जो धोका कळत असे, तोच मोटारीलाही असतो.

समतोलाचा आणखी एक भाग उंचीचा. जड वस्तू तळाशी आणि हलक्या वस्तू वर ठेवाव्या. धान्याची पोती व लोखंडी भांडी वर रचली, तर खड्ड्यात एक चाक उतरताच गाडी कलंडते. पाण्याचाही विचार करावा. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो असते. तेव्हा २० लिटरचे भरलेले पिंप म्हणजे २० किलोचे ओझे झाले. शहाणा प्रवासी वाटेपुरते पाणी जवळ ठेवतो आणि उरलेले मुक्कामाच्या विहिरीवर भरतो.

दुसरा नियम छपराचा. यात्रेच्या गाडीवर बांबूच्या कमानी घालीत. ओला बांबू चिरून त्याच्या पट्ट्या काढल्या, की त्या न मोडता वाकतात. त्यांची दोन्ही टोके गाडीच्या दोन्ही बाजूंना घट्ट बांधावयाची, कमानींवर बांबूची चटई पसरावयाची आणि पावसाची भीती असेल तर तिच्यावर घोंगडी किंवा ताडपत्री ताणावयाची. आकार कमानीचाच का? सपाट छपरावर पाणी साचते, त्याच्या वजनाने कापड खोल जाते आणि पुढे ते गळू लागते. कमानीवरून पाणी निथळून जाते आणि वाराही तिला वळसा घालून निघून जातो. छप्पर फार उंच मात्र करू नये, कारण उंच छपराला वारा अधिक झोंबतो. आत बसता यावे, आडवे होता यावे, एवढी उंची पुरे. उभे राहण्यासाठी सारे आकाश मोकळे आहेच!

पत्र्याच्या बंद गाडीचे घर करावयाचे असेल, तर अडचण निराळी असते. पत्रा उन्हात तापतो आणि पहाटे गार पडतो. म्हणून त्याच्या आतल्या बाजूस लोकर, बूच किंवा फोम यांचा थर देऊन वर पातळ लाकडी फळ्या ठोकतात. या पदार्थांच्या पोटात हवेचे असंख्य लहान कप्पे असतात आणि अडकून पडलेली हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. घोंगडीची ऊब हीही याच गुणाची करामत आहे.

तिसरा नियम हवेचा. हा नियम मोडणाऱ्याला क्षमा नाही. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात सुमारे पाव लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडते. चौघे जण बंद गाडीत झोपले, तर सकाळी छताला पाण्याचे थेंब लोंबताना दिसतात आणि अंथरुणे दमट लागतात. यावर उपाय सोपा आहे: एक झरोका खाली व दुसरा वर ठेवावा. उबदार हवा वरच्या झरोक्याने निघून जाते आणि ताजी हवा खालून आत येते. थंडी वाजते म्हणून पेटलेली शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले बंद गाडीत कधीही ठेवू नये. जळत्या कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागे न करताच मारतो. चूल नेहमी गाडीबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून आणि ताडपत्रीपासून दूर पेटवावी.

चौथा नियम जागेचा. गाडी लहान असते. तेव्हा तीत नेलेली प्रत्येक वस्तू दोन कामांची असावी. यात्रेच्या गाडीत भाताचे पिंजर जाड पसरीत. ते लोखंडी धावेच्या चाकांचे हादरे सोसून घेई, रात्री माणसांचे अंथरूण होई आणि त्यातलेच वाटेत बैलांना वैरण म्हणून घालता येई. परतीच्या वाटेवर अंथरूण पातळ होत जाई, पण ओझेही हलके होत जाई! आजच्या कारागिराने पेटीवर फळी टाकून तिचाच बिछाना केला आणि पेटीच्या पोटात कपडे ठेवले, तर तो हीच युक्ती वापरतो. काय न्यावे याहून काय घरी ठेवावे, हे ठरविणे अधिक कठीण असते.

पाचवा नियम सुरक्षिततेचा. निघण्यापूर्वी चाकांना वंगण द्यावे आणि चाक निसटू नये म्हणून कण्याच्या टोकाला घातलेली खीळ तपासावी. ट्रॉली असेल तर टायरमधील हवा, जोडणीची पिन आणि साखळी पाहावी. मुक्कामी चाकांना दगड लावावेत. पुढे भक्कम टेकण द्यावे. रात्रीच्या प्रवासात बैलगाडीच्या तळाशी कंदील टांगीत. आज गाडीच्या मागे लाल परावर्तक हवेत. भरल्या ट्रॉलीवर बसून प्रवास करणे मात्र फार धोक्याचे असते, कारण मालाची ट्रॉली माणसे वाहण्यासाठी घडविलेली नसते. ब्रिटनमध्ये तर मोटारीमागून ओढले जाणारे सुखसोयींचे फिरते घर चालू असताना त्यात बसण्यास कायद्याने बंदी आहे. गाडी थांबली की ते घर. चालू लागली की ती पुन्हा गाडी!

असे फिरते घर निरनिराळ्या कारणांनी होते. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका ब्रिटिश डॉक्टरने हौसेच्या प्रवासासाठी घोड्यांनी ओढायचे घर बांधवून घेतले. ते सुमारे साडेपाच मीटर लांब होते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली फिरत्या घरांतून होणाऱ्या पर्यटनाचे धोरण ठरविले. नोव्हेंबर २०२० पासून सुमारे एक वर्ष पंजाब, हरियाणा आणि इतर भागांतील शेतकरी कृषी कायद्यांना विरोध करण्यासाठी दिल्लीच्या सीमांवर राहिले. तेव्हा कित्येकांनी धान्य वाहणाऱ्या ट्रॉल्यांवर ताडपत्री ताणून, आत पिंजर व गाद्या अंथरून कडाक्याची थंडी काढली. कोणी हौसेने गाडीत राहतो, कोणी निश्चयाने, तर कोणी पोटासाठी. छप्पर, झरोका आणि समतोल यांचे नियम मात्र तिघांनाही सारखेच लागू पडतात.

आता नेसरीच्या रस्त्यावरील त्या ट्रॉलीकडे पुन्हा वळू. तिच्यातून आलेली माणसे गावाबाहेर ताडपत्रीच्या किंवा पाचटाच्या कोप्या उभारतात. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात. भल्या पहाटे दोघे फडात जातात; तान्हे मूल बांधावर झोळीत निजते आणि मोठी मुलगी त्याला राखते. ती मुलगी कदाचित तुमच्याच वयाची असते. हंगाम सुमारे पाच-सहा महिने चालतो आणि शाळेचे निम्मे वर्ष त्यातच निघून जाते. तिच्या आईबापांनी गाडीत धान्य बसविले, चूल बसविली, शेळीसुद्धा बसविली. एक गोष्ट मात्र कितीही कौशल्याने रचली तरी गाडीत मावली नाही. ती गोष्ट म्हणजे शाळा.

यावर उपाय नाही असे नव्हे. मुलांना मूळ गावीच राहून शिकता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालविली जातात. काही कारखान्यांच्या परिसरात साखरशाळाही भरल्या. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. एका गावाहून दुसऱ्या गावी गेलेल्या मुलाला तेथील शासकीय शाळेत प्रवेश मागता येतो आणि जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही.

कायद्याने शाळेचे दार उघडते. पण बाकावर जागा करून द्यावी लागते ती शेजारी बसणाऱ्याने. मध्येच आलेल्या मुलीला मागील धडे ठाऊक नसतात आणि तिची बोलीही थोडी वेगळी असते. तिला कोणी हसले, तर ती दुसऱ्या दिवशी फडावरच थांबते. कोणी आपली वही पुढे केली, तर ती पुन्हा येते. घर गाडीवर रचण्याची विद्या तिच्या आईबापांना चांगली अवगत आहे. जे गाडीत मावत नाही, ते देणे मुक्कामाच्या गावाच्या हाती आहे.

स्वाध्याय

१. ‘उलाळ’ आणि ‘धुरजड’ या शब्दांचे अर्थ सांगून प्रत्येक स्थितीत बैलांना काय त्रास होतो ते लिहा.
२. कण्याच्या मागे दीड मीटरवर ४० किलोचे ओझे आहे. पुढे २ मीटरवर किती ओझे ठेवल्यास तोल साधेल?
३. बंद गाडीत शेगडी का पेटवू नये?
४. यात्रेच्या गाडीतील पिंजराचे तीन उपयोग कोणते? तुमच्या घरातील अशीच एकाहून अधिक कामांची एखादी वस्तू सांगा.
५. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीचा अर्थ सांगून ती तुमच्या वाक्यात वापरा.
६. हंगामाच्या मध्येच तुमच्या वर्गात एक नवी मुलगी आली आहे. पहिल्या आठवड्यात तुम्ही तिला कोणती मदत कराल, ते दहा ओळींत लिहा.