वरच्या चार बोटांतला मासा

प्रश्न : हतनूर धरणाच्या काठी उभा असताना पाण्याच्या अगदी वर काडीसारखे काहीतरी निश्चल तरंगताना दिसले. आधी पाणदिवड वाटली. पुढे सरकलो तर लांब चोच दिसली आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ते गायब! बरोबरचा मित्र म्हणाला, मगरीचे पिल्लू. हा प्राणी कोण? खातो काय? आणि याला पिल्ले होतात की अंडी?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : मित्राला सांगा, मगरीच्या पिल्लाला पाय असतात. तुम्ही पाहिलात तो मासाच. शास्त्रीय नाव झेनेंटोडॉन कॅन्सिला. स्थानिक नावे गावागणिक बदलतात, म्हणून इथे त्याला सुईमासा म्हणू. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या 1822 सालच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. ‘कॅन्सिला’ हा शब्द बंगाल्यांच्या ‘काकिला’वरून आलेला. हा मासा गोड्या पाण्यातला. भारत-श्रीलंकेपासून थेट मेकाँग नदीपर्यंत तो आढळतो. आपल्याकडे तापी, गिरणेच्या संथ पाण्यात, बंधाऱ्यांच्या फुगवट्यात तो दिसतो. मोबाइलवर ‘गार’ असे शोधून घाबरला असाल, तर तो अमेरिकेतला गार वेगळा. दोघांच्या इंग्रजी नावात आणि तोंडाच्या ठेवणीत साम्य आहे, नाते नाही.

मी एकदा जाळ्यातून निघालेला एक सुईमासा हातात घेऊन पाहिला होता. लांबी वीतभराहून थोडी जास्त, जाडी अंगठ्याएवढी. (पूर्ण वाढलेला चाळीस सेंटिमीटरपर्यंत जातो.) वरचा आणि खालचा असे दोन्ही जबडे लांबलेले, त्यांत करवतीसारखे बारीक दात. बोट फिरवले की समजते. पाठ हिरवट, पोट चंदेरी, कुशीवरून एक रुपेरी पट्टा. वरून बगळ्याने पाहिले तर पाठ पाण्यात मिसळते आणि खालून एखाद्या मोठ्या माशाने पाहिले तर पोट आभाळाच्या उजेडात हरवते. पाठीवरचा पर पार शेपटीजवळ सरकलेला आणि नेमका त्याच्याखाली पोटाकडचा पर. बाणाची पिसे जशी मागच्या टोकाला असतात, तशीच ही मांडणी. कामही तेच, उभ्या जागेवरून एकदम सुटायचे.

खरी गंमत मात्र बाजूच्या रेषेत आहे. पाण्याची हालचाल टिपणारी ही संवेदनरेषा बहुतेक माशांच्या कुशीच्या मधून जाते. सुईमाशात ती खाली, पोटाच्या कडेने जाते. हा पाण्याच्या वरच्या चार बोटांत राहणारा. ज्याच्या डोक्यावर पाणीच नाही, त्याला खालची चाहूल महत्त्वाची. उडणारे मासे याच गणातले. त्यांचीही रेषा अशीच खाली असते.

आता खाण्याचे. लहान मासे, कोळंबी, पाण्यावर पडलेले किडे. भक्ष्य समोर आले की मान वळवल्यासारखा झटका देऊन तो ते जबड्यात आडवे धरतो, मग उलटसुलट करून डोक्याकडून गिळतो. चावणे नाही, तुकडे करणे नाही. आणि एवढ्या हावरटाला जठर नाही! या कुळातल्या माशांत घशापासून गुदद्वारापर्यंत एक सरळ नळी असते. पचन होते ते सगळे आतड्यात. माणसाला त्याच्यापासून धोका नाही. समुद्रातले त्याचे थोराड भाऊबंद मात्र रात्री होडीतल्या दिव्याकडे झेपावतात आणि त्यांच्या चोचीने माणसांना गंभीर दुखापती झाल्याच्या नोंदी आहेत. हौदात पाळलात तर हाही घाबरून उडी मारतो आणि बाहेर पडतो. म्हणून पाळू नका, हे माझे मत.

पिल्ले की अंडी? अंडी. डासांच्या बंदोबस्तासाठी टाक्यांत सोडतात त्या गप्पीला थेट पिल्ले होतात. याचे तसे नाही. मादी एका वेळी थोडीच अंडी घालते, पण ती मोठी, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी. प्रत्येक अंड्याला चिकट धागे असतात. ते पाणवनस्पतींच्या मुळांना आणि पानांना गुंडाळले जातात आणि अंडी तिथेच लोंबत राहतात. पिल्लू जन्मतः लांब चोचीचे नसते. या कुळातल्या बऱ्याच जातींत आधी खालचा जबडा वाढतो, वरचा मागाहून त्याला गाठतो. मधल्या काळात ते पिल्लू दुसऱ्याच जातीचे वाटते आणि जाणकारही फसतात.

बाजारात याला फारसा मान नाही. अंगावर मांस कमी. म्हणून बारीक मासळीच्या वाट्यात मिसळून जातो. पण पाण्यातली गवताळ कड साफ झाली, की अंड्यांचे धागे गुंडाळायला जागा उरत नाही. तेव्हा पुन्हा हतनूरला गेलात आणि काठच्या पाणवनस्पतीची एखादी काडी हातात आली, तर नीट बघा. धाग्याने लोंबणारे पारदर्शक दाणे दिसले, तर काडी होती तिथेच परत ठेवा आणि आम्हाला जरूर लिहून कळवा.