शकवर्ष, संगणक आणि संपादकाचा नियम
तंजावरच्या भोसले घराण्याची राजवट १८५५ मध्ये संपली. परंतु तिचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आजही अभ्यासकाची वाट पाहत आहेत. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास शके १७२५ मधील आहे. अशा साधनांची सूची वेबपृष्ठावर मांडताना शकाचे ईसवी सनात रूपांतर करणे क्रमप्राप्त ठरते. ‘शकात ७८ मिळवावे’ हा सर्वपरिचित नियम मात्र अर्धाच खरा आहे. चैत्र ते कार्तिक या महिन्यांस तो लागू पडतो. माघ व फाल्गुन यांत ७९ मिळवावे लागतात. मार्गशीर्ष व पौष यांच्या काळात ईसवी वर्ष पालटू शकत असल्याने तिथीवाचून तेथे निर्णय होत नाही.

हा नियम प्रत्येक नोंदीपाशी पुन्हा लिहिला, तर एकच चूक शेकडो ठिकाणी पसरते. पीएचपी या वेब-लेखनभाषेतील स्वरचित फंक्शनचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. १९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी लोकांपुढे आणलेल्या या भाषेत ‘फंक्शन’ या शब्दानंतर नाव, कंसात आदाने आणि महिरपी कंसात कृती लिहावयाची असते. नाव देवनागरीतही देता येते. ‘शक_ते_ईसवी’ हे नाव ग्राह्य ठरते. शकवर्ष आणि महिना ही त्याची दोन आदाने होत. फंक्शनबाहेरची सामान्य चले आत आपोआप दिसत नाहीत. म्हणून निर्णयास लागणारे प्रमाण आदानांत स्पष्टपणे सांगणे इष्ट असते.

येथे दोन गोष्टींचे भान ठेवावयास हवे. पहिली, फंक्शनने उत्तर पडद्यावर छापू नये. ‘रिटर्न’ या शब्दाने ते परत द्यावे. छापलेले वर्ष केवळ वाचता येते. परत आलेले वर्ष कालानुक्रम लावण्यास, तुलनेस, दुसऱ्या फंक्शनला देण्यासही उपयोगी पडते. दुसरी गोष्ट अंकांची. देवनागरीतील ‘१७२५’ ही पीएचपीच्या दृष्टीने संख्या नव्हे, केवळ अक्षरे होत. २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून अशा बेरजेला भाषा दोष दाखवून थांबते. पूर्वीच्या आवृत्त्यांत त्या अक्षरांचे मूल्य शून्य धरले जाई आणि उत्तर ७८ येई. शके १७२५ चा शिलालेख अशा रीतीने पहिल्या शतकात जाऊन बसला असता! अंक पालटण्याचे काम म्हणूनच वेगळ्या, लहान फंक्शनकडे सोपवावे.

मार्गशीर्ष व पौष यांचे काय? तिथी नसेल तर फंक्शनने एक वर्ष ठोकून देऊ नये. ‘१८०३-०४’ असे जोडवर्ष परत द्यावे. पुढे तिथीचा आधार मिळाल्यास तिसरे आदान जोडून नियम एकाच ठिकाणी सुधारता येतो आणि सुधारणा साऱ्या सूचीस लागू होते.

पाठसंपादनात संपादक आपले संकेत प्रस्तावनेत नोंदवितो. पुष्कळदा ते आणि प्रत्यक्ष संहिता यांत अंतर पडते. फंक्शनमध्ये लिहिलेला नियमच अमलात येत असल्याने हे अंतर उरत नाही. नियम चुकीचा असला तरी तो कोठे चुकला हे दुसऱ्या अभ्यासकास दाखविता येते. भाषांतर, लिप्यंतर आणि कालगणना यांवर उभ्या असलेल्या तौलनिक अभ्यासाला अशा उघड, तपासण्याजोग्या नियमाची गरज आहे.