हे कसे कळले?



इतिहासाच्या तासास आम्ही तुम्हांस एक प्रश्न वारंवार विचारीत असतो. अमका राजा क्रूर होता, तमक्या तहात दगा झाला, असे कोणी म्हटले, की आम्ही लगेच विचारतो, ‘हे कसे कळले? साधन कोणते?’ ताम्रपट, शिलालेख, पत्र, दफ्तर, प्रवाशाचे वर्णन, यांपैकी काही दाखविता आले, तर त्या विधानाचा विचार करावयाचा. नाहीतर ती ऐकीव गोष्ट समजून बाजूस ठेवावयाची. हा प्रश्न शिक्षकाने विद्यार्थ्यास विचारावयाचा असतो, अशी आमची समजूत होती. सन २०२० च्या सप्टेंबर महिन्यात तो एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारला, आणि आम्हांस त्याचे उत्तर देता आले नाही. ती हकीकत, आणि तिच्यापासून आम्ही जे शिकलो ते, येथे पाठाच्या रूपाने मांडीत आहोत.

ते महामारीचे वर्ष होते. शाळेस कुलूप होते आणि फळ्याची जागा फोनने घेतली होती. बिरसा आणि आसपासच्या खेड्यांत ज्यांच्या घरी तसा फोन होता, त्यांना आम्ही त्यावरून पाठ धाडीत असू; ज्यांच्या घरी नव्हता, ती मुले शेजारी जाऊन बसत. दिवसाचे काम आटोपले, की तोच फोन आमची करमणूक होई. एके रात्री कोणाकडून तरी एक चित्र आले. मुंबईच्या एका सिनेनटीचा चेहरा, त्यास चेटकिणीचे पिंजारलेले केस आणि सुळे चिकटविलेले, आणि आपल्या लाडक्या नटाचा घास हिनेच घेतला, अशा अर्थाची एक ओळ खाली लिहिलेली. आम्हांस हसू आले. आम्ही ते चित्र शिक्षकमित्रांच्या गटात पाठविले आणि घाईघाईत ते नववीच्या गटातही गेले. चूक ध्यानात येऊन चित्र पुसण्याच्या आतच एका मुलीने विचारले, ‘सर, ह्या बाईंनीच त्यांना मारले, हे कसे कळले?’

चित्र आम्ही पुसले. प्रश्नास मात्र त्या रात्री काहीच लिहिले नाही.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. सुशांतसिंह राजपूत हा पाटण्याचा एक गुणी नट. महेंद्रसिंह धोनीच्या जीवनावरील २०१६ च्या चित्रपटात त्याने केलेली भूमिका तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. १४ जून २०२० रोजी, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, मुंबईत वांद्रे येथील राहत्या घरी तो मृतावस्थेत आढळला. पोलिसांनी ती आत्महत्या मानली. परंतु लक्षावधी चाहत्यांच्या मनास ते पटेना. जुलैअखेर त्याच्या वडिलांनी पाटण्यास फिर्याद नोंदविली. तीत त्याची मैत्रीण, अभिनेत्री रिया चक्रवर्ती, यांच्यावर आरोप होते. १९ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला.

शोकाकुल पित्याने फिर्याद करणे आणि यंत्रणेने तपास करणे, यांत वावगे काही नाही. वावगे घडले ते न्यायालयाच्या बाहेर. वृत्तवाहिन्यांवर रोज सायंकाळी खटला चाले आणि रोज शिक्षा फर्मावली जाई. रिया चक्रवर्ती बंगाली, म्हणून बंगाली स्त्रिया पुरुषांवर करणी करतात, असल्या जुनाट वदंता पुन्हा उकरून काढण्यात आल्या. ६ सप्टेंबर रोजी त्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या मुंबईतील कचेरीत चौकशीस गेल्या, तेव्हा कॅमेरे व ध्वनिक्षेपक घेतलेल्या माणसांनी त्यांस असा गराडा घातला, की दारापर्यंत पोहोचणे कठीण झाले. माणसाने माणसापासून अंतर राखावे, असे सारा देश एकमेकांस बजावीत असतानाचे हे दृश्य. ८ सप्टेंबर रोजी अमली पदार्थांसंबंधीच्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि सुमारे महिनाभर त्या भायखळ्याच्या कारागृहात होत्या. ७ ऑक्टोबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्याच महिन्यात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी, हा खून नव्हे, असा निर्वाळा दिला. पुढे मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास बंद करण्याचे अहवाल न्यायालयास सादर केले. मृत्यूस कोणी प्रवृत्त केल्याचा पुरावा हाती लागला नाही, असा त्यांचा आशय असल्याचे वृत्त आले. तोपर्यंत पावणेपाच वर्षे लोटली होती. आम्ही मात्र आमचा निकाल पावणेपाच सेकंदांत दिला होता.

येथे कोणी म्हणेल, ‘पुढे त्या दोषी ठरल्या असत्या, तर तुमचे चित्र योग्य ठरले असते काय?’ नाही, पाठाचा कणा येथेच आहे. त्या दोषी की निर्दोष, हे ठरविणे आमचे काम नव्हते, आणि ते ठरविण्याजोगे एकही साधन आमच्यापाशी नव्हते. निकाल आमच्या बाजूने लागता, तरी आमचे कृत्य अंधारात मारलेल्या दगडासारखेच राहिले असते. दगड योगायोगाने नेमका लागला, म्हणून मारणारा न्यायाधीश होत नाही.

मग असे हातून घडले का? आम्ही स्वतःशी पुष्कळ विचार केला. आमच्या मनात त्या स्त्रीविषयी वैर असण्याचे कारण नव्हते. तिचा एकही चित्रपट आम्ही पाहिलेला नव्हता. होते ते त्या नटाविषयीचे प्रेम. तरुण, हसतमुख माणूस एकाएकी जातो आणि ‘का?’ या प्रश्नास उत्तर मिळत नाही, तेव्हा मन अस्वस्थ होते. उत्तर नसल्याचे दुःख सोसण्यापेक्षा गुन्हेगार मिळाल्याचा राग बरा वाटतो. रागास धरावयास काही लागते. दुःखास तेही नसते. चाहत्यांचा द्वेष पुष्कळदा असा प्रेमाच्या पोटीच जन्मतो, आणि म्हणूनच तो आपणांस द्वेष वाटत नाही, निष्ठा वाटते.

चित्रात चेटकीणच का काढली असावी, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. आपल्या या भागास ती कल्पना परकी नाही. छत्तीसगडची हद्द येथून दूर नाही, आणि ‘टोनही’ हा शब्द तुम्हांपैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे. गावात मूल आजारी पडते, गुरे मरतात, कारण कळत नाही. मग बोट एखाद्या एकट्यादुकट्या स्त्रीकडे वळते. या अन्यायास आळा घालण्यासाठी छत्तीसगड राज्याने २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. त्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मारहाण करणे हा तर गुन्हा आहेच. पण तिला नुसते टोनही म्हणून दाखविणे, हाही शिक्षेस पात्र असा स्वतंत्र गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते, की पहिला दगड उचलण्यापूर्वी कोणीतरी बोट दाखविलेले असते. महाराष्ट्रातही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. हे सारे आम्ही वर्गात शिकविले होते. अशिक्षित गावकऱ्यांच्या भोळेपणाविषयी आम्ही खेदही व्यक्त केला होता. आणि पदवीधर असलेल्या आम्ही, कारण न कळलेल्या एका मृत्यूपायी, एका स्त्रीकडे बोट दाखवून मोकळे झालो होतो.

त्यात ती स्त्री नटी होती. नटीस बोल लावण्याची सवय आपल्या समाजास जुनी आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषास करावी लागली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी धैर्याने काम केले. पुढे १९३१ साली, आमच्याप्रमाणेच घरी कोकणी बोलणाऱ्या एका प्रतिष्ठित कुटुंबात जन्मलेल्या दुर्गाबाई खोटे यांनी संसारावर ओढवलेल्या अडचणीपायी ‘फरेबी जाल’ या चित्रपटात लहानसे काम केले, तर त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्याच तारामती झाल्या, आणि लोकांनी त्यांस डोक्यावर घेतले. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. एका वर्षात दुर्गाबाई बदलल्या नव्हत्या. निंदेचे तोंड स्तुतीकडे वळले होते, इतकेच. जनसमूहाचे मत किती अस्थिर असते, याचे हे उदाहरण आमच्या टिपणवहीत कित्येक वर्षे होते. स्वतःस लावून मात्र आम्ही ते कधी वाचले नव्हते.

आता आपल्या वाट्याचा हिशेब करू. ‘आम्ही एकच तर चित्र पाठविले, त्याने काय होणार?’ असे मन म्हणते. येथे गणिताचे साहाय्य घ्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारे समजून, जमावाने भिक्षेकरी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. पाच हा आकडा लहान वाटतो. परंतु प्रत्येकाने पाचांस, त्या पाचांनी पुन्हा प्रत्येकी पाचांस पाठविले, तर पाचव्या पायरीवर ५ × ५ × ५ × ५ × ५, म्हणजे ३,१२५ ठिकाणी तो पोहोचतो. साखळीतील प्रत्येक माणूस शपथेवर सांगेल, की मी पाचच पाठविले. ते खरेही असेल.

जपानमध्ये या हिशेबाचा फार दुःखद प्रत्यय आला. दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात दिसलेल्या हाना किमुरा या २२ वर्षांच्या कुस्तीगीर तरुणीवर लोकांनी फोनवरून निंदेचा मारा केला, आणि मे २०२० मध्ये तिने आपले जीवन संपविले. पुढे निंदा करणाऱ्यांपैकी दोघांना प्रत्येकी ९,००० येन दंड झाला. आपल्याकडील किरकोळ रकमेइतकाच तो होता. कारण एकेकाचा अपराध तेवढाच भरला! लोकांस ते इतके अपुरे वाटले, की २०२२ साली तेथे कायदा बदलून अशा अपमानास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद करावी लागली. मुलांनो, अशा निंदेचा मारा तुमच्यापैकी कोणावर झाला, तर तो एकट्याने सोसू नका. घरी सांगा, आम्हांस सांगा. अथवा शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला.

मूळ प्रकरणात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्ही लक्षात ठेवाव्यात. जामिनाच्या वेळी सरकारपक्षाने म्हटले होते, की नामवंत मंडळी तरुणांपुढील आदर्श असतात, म्हणून त्यांच्याशी अधिक कठोरपणे वागावे. न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांनी ते मानले नाही. कायद्यापुढे सारे समान; प्रसिद्धीमुळे सवलत नाही आणि प्रसिद्धीमुळे जादा शिक्षाही नाही. पुढे १८ जानेवारी २०२१ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्त व न्यायमूर्ती जी. एस. कुलकर्णी यांच्या खंडपीठाने, तपास चालू असता वाहिन्यांनी चालविलेला खटला न्यायाच्या कामात व्यत्यय आणतो, असे सांगून संयमाची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती वाहिन्यांसाठी आहेत. आमच्या बोटासाठी कोणते न्यायालय तत्त्वे घालून देणार? ते काम ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.

आमच्या कोकणीत शब्दास ‘उतर’ म्हणतात. ‘उतर दिवप’ म्हणजे वचन देणे. मराठीत त्याच कुळातील ‘उत्तर’ म्हणजे जबाब, आणि ‘उत्तरदायित्व’ म्हणजे जबाबदारी. शब्द, जबाब आणि जबाबदारी ही अशी एका घरात नांदतात. ज्या शब्दाबद्दल उत्तर देता येणार नाही, तो तोंडून काढू नये आणि दुसऱ्याच्या तोंडचा असला, तर पुढेही धाडू नये. म्हणून असे काही हाती आले, की स्वतःस विचारा: हे कसे कळले? सांगणारा तेथे होता काय? ती व्यक्ती समोर बसली असती, तर मी हेच बोललो असतो काय? आणि उद्या हे खोटे ठरले, तर ज्यांच्यापर्यंत मी ते पोहोचविले त्या सर्वांपर्यंत मी खरे पोहोचविणार आहे काय?

या शेवटच्या प्रश्नापुरते आम्ही आमचे ऋण थोडेफार फेडले. शिक्षकांच्या गटात, ज्या जागी चित्र धाडले होते त्याच जागी, आम्ही लिहिले, की हे आम्हांस ठाऊक नव्हते, तरी आम्ही पाठविले. ही आमची चूक होय. दोघांनी उत्तरे दिली, एकाने थट्टा केली, बाकीचे गप्प राहिले. त्यांनी ते चित्र पुढे कोठे पाठविले, हे आम्हांस कधीच कळणार नाही. नववीच्या गटात आम्ही त्या मुलीस एवढेच लिहिले, ‘मला कळले नव्हते. तुझा प्रश्न बरोबर आहे.’

ती मुलगी आता शाळेतून बाहेर पडली आहे. परंतु इतिहासाच्या तासास ‘साधन कोणते?’ असे आम्ही विचारतो, तेव्हा हा प्रश्न आपणांसही कोणी विचारू शकते, याची जाणीव आम्हांस असते. तुम्ही तो आम्हांस अवश्य विचारीत जावा.