शर्यत जिंकलेला कुत्रा कामालाही पक्का असतो का?

प्रश्न : आमचं गाव नर्मदाकाठचं, सातपुड्यातलं. माझा मावसभाऊ ऊसतोडीला सांगलीकडे गेला होता. तिथल्या जत्रेतल्या कुत्र्यांच्या शर्यती पाहून आल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो आणि म्हणतो, ‘याला म्हणतात शिकारी कुत्रा. आपली गावठी कुत्री नुसती भुंकायला.’ करंडक मिळवलेल्या कुत्र्याचं पिल्लू आणायचा त्याचा विचार आहे. घरातले म्हातारे म्हणतात, पळून दाखवणं वेगळं आणि रानात उपयोगी पडणं वेगळं. कोणाचं खरं? पिल्लू घ्यावं का?
– एक वाचक, मणिबेली, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार

उत्तर : तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. जो कुत्रा शर्यत जिंकला, त्याच्यात शर्यतीला लागणारे गुण आहेत, हे सिद्धच झालं. जो कधी शर्यतीत उतरलाच नाही, त्याच्याबद्दल मात्र त्या निकालातून काहीच कळत नाही. भाऊ फसतो तो इथे.

आधी भावाची बाजू नीट ऐकू. कुत्र्याची पारख त्याच्या मालकावर सोपवली तर ‘आपला तो बाब्या’ हे ठरलेलंच. कोणे एके काळी एकट्यानं अडवलेलं रानडुक्कर दर होळीला थोडं थोडं मोठं होत जातं, आणि ते प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार कधीच सापडत नाही. त्यापेक्षा सगळे कुत्रे एका मैदानावर, एका दिवशी, एकाच नियमाखाली आणि त्रयस्थ पंचासमोर उतरवणं केव्हाही चांगलं. इंग्लंडमध्ये अशा चाचण्या याच गरजेतून सुरू झाल्या. 1859 मध्ये न्यूकॅसलला पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचं प्रदर्शन भरलं. तिथे बांधा आणि रूप पाहून बक्षिसं दिली. पण रूपावरून नाक कसं कळणार? मग 1865 मध्ये बेडफर्डशरमधल्या साउथहिल इथे कुत्र्यांना खरोखरच्या शेतात सोडून, ते पक्ष्यांचा वास कसा काढतात आणि सावज सापडल्यावर जागच्या जागी कसे थबकतात, हे पाहणारी पहिली मैदानी चाचणी झाली.

म्हणजे चाचणी ही कल्पना चांगलीच. प्रश्न असा की पंच मोजतो काय?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे लिव्हरपूलजवळच्या ऑल्टकारची वॉटर्लू कप स्पर्धा. 1836 मध्ये ती सुरू झाली आणि कुत्र्यांकडून सशाचा पाठलाग करवण्यावर बंदी आल्यावर 2005 मध्ये कायमची थांबली. तिथे एका वेळी दोन ग्रेहाउंड, एकाच्या गळ्यात लाल पट्टा तर दुसऱ्याच्या पांढरा. एक माणूस दोघांना एकत्र धरून उभा राहायचा, सशाला पुरेसं अंतर मिळालं की सोडून द्यायचा. पंच घोड्यावरून मागे धावायचा आणि शेवटी लाल किंवा पांढरा रुमाल उंच करायचा. गुण कशाला? सशापर्यंत आधी कोण पोचला, जोडीदाराला कोणी मागे टाकलं, सशाला काटकोनात वळायला कोणी भाग पाडलं, याला. ससा मारल्याचेही गुण होते, पण मोजके. त्यामुळे ज्यानं ससा धरला तोच हरला, असं तिथे घडू शकत असे. यात कुणाला अन्याय वाटत नव्हता, कारण ससा धरणं हा मुद्दाच नव्हता. ग्रीक लेखक आरियन यानं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातच लिहून ठेवलंय की खरे शौकीन कुत्र्यांची चढाओढ पाहायला जातात आणि ससा निसटला तर त्यांना आनंदच होतो. ज्याच्या घरी त्या सशावर रात्रीचं कोरड्यास अवलंबून आहे, त्याला हा आनंद परवडेल का? शौकिनाचा चांगला कुत्रा आणि शिकाऱ्याचा चांगला कुत्रा इथेच वेगळे होतात.

तुमच्या भावानं पाहिलेल्या शर्यतीत तर जिवंत सावजही नसतं. दोरीनं ओढलेल्या खोट्या सावजामागे सरळ पट्ट्यात पळायचं, पहिला येईल तो जिंकला. यात वेग कळतो, पाठलागाची ओढ कळते. ग्रेहाउंड किंवा आपल्याकडचा कारवान, ज्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात, हे नजरेचे कुत्रे. लांब तोंड, खोल छाती, खपाटीला गेलेलं पोट. सगळं शरीर पळण्यासाठीच घडलेलं. लातूर, सोलापूर, विजापूरच्या उघड्या माळावर लांबून ससा दिसतो, तिथे हे गुण सोन्याचे.

आता तेच कुत्रं मणिबेलीत आणा. समोर डोंगराचा चढ, साग-बांबूची गर्दी, मध्येच नाला. पावसाळ्यात तर चार पावलांपलीकडचं दिसत नाही. तिथे नजर नाही, नाक आणि कान कामाला येतात. खडकावरून उडी मारताना पायाच्या बारीक हाडांचं काय होईल, हाही विचार करायचा. खाली सरदार सरोवराचं पाणी आहे, त्यात मगरी आहेत. सावजामागे आंधळेपणानं पाण्यात उडी घेणारं कुत्रं तिथे फार दिवस टिकणार नाही. हाक मारल्यावर फिरून येणं हा गुण सरळ पट्ट्याच्या शर्यतीत कुणी तपासतच नाही, आणि तुमच्याकडे तोच सगळ्यात आधी लागतो. तुमच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं बहुधा हेच असावं.

यापुढचा धोका हळूहळू कळतो. ज्याला बक्षीस, त्याचीच पैदास होते, आणि काही पिढ्यांत जात कामापेक्षा स्पर्धेच्या मापाची होत जाते. अमेरिकेत टेनेसीतल्या ग्रँड जंक्शनला पक्षी हुडकणाऱ्या कुत्र्यांची राष्ट्रीय स्पर्धा होते. एकेक फेरी तीन तासांची, आणि कुत्रे इतके लांबवर फिरतात की पंच आणि मालक दोघेही घोड्यावर. कुत्र्याचा दम तिथे खरोखर दिसतो, यात वाद नाही. पण बंदूक खांद्यावर टाकून पायी फिरणाऱ्या शिकाऱ्याला डोंगरापलीकडे गेलेला कुत्रा काय कामाचा?

जर्मनीत वेगळी वाट निवडली गेली. तिथे मुख्य भर शर्यतीवर नाही, परीक्षेवर. वसंतात कोवळ्या कुत्र्याची एक, शरद ऋतूत दुसरी आणि तयार कुत्र्याची दोन दिवसांची मोठी परीक्षा. रान, शेत, पाणी आणि आज्ञापालन असे सगळे विषय. शेजारच्या कुत्र्याला हरवलं की नाही याला तिथे महत्त्व नाही. ठरलेली कामं येतात की नाही, एवढंच पाहतात, आणि एखाद्या विषयात नापास झालं तर दुसऱ्या विषयातली हुशारी त्याला वाचवत नाही. कामाच्या कुत्र्यासाठी मला हीच पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

आपल्याकडे एक गोष्ट मुळातच वेगळी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत मारणं तर येतंच, पण वन्य प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. ससा आणि रानडुक्कर दोन्ही संरक्षित. म्हणजे सशामागे कुत्रा सोडून ‘बघू कसा पळतो’ म्हणणं हाही गुन्हा. करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्यावर सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसत नाही. तेव्हा ‘शिकारी कुत्रा’ म्हणून ज्याची जाहिरात होते, त्याची शिकारीतली खरी परीक्षा आज भारतात कायदेशीरपणे घेताच येत नाही. करंडक मिळतो तो पळण्याचा, आणि जाहिरात होते ती शिकारीची.

मग तुमच्या गावठी कुत्र्याची पारख कशी करायची? त्याला आज जे काम आहे, त्यावर. शेळ्या-कोंबड्यांची राखण, मक्या-ज्वारीत रात्री शिरणाऱ्या डुकरांची खबर, बिबट्याची चाहूल. एक वही घ्या आणि पेरणीपासून कापणीपर्यंत नोंद ठेवा. कोणतं कुत्रं कधी भुंकलं, सकाळी पाहिलं तर माग कशाचे निघाले, उगाच किती वेळा भुंकलं, हाकेला आलं का, स्वतःच्या घरच्या कोंबडीला तोंड लावलं का? मोठं जनावर दिसल्यावर त्याच्या अंगावर जाणारं कुत्रं शूर वाटतं, पण अंतर ठेवून सतत भुंकत राहणारं जास्त उपयोगी. ते वाचतं आणि माणसालाही सावध करतं. हंगाम संपल्यावर ती वही कुठल्याही करंडकापेक्षा खरं सांगेल, आणि डुक्करही दरवर्षी मोठं होणार नाही.

राहिला पिल्लाचा प्रश्न. नॉर्वेत पक्ष्यांच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या तीन जातींच्या मैदानी चाचण्यांचे निकाल अभ्यासकांनी तपासले. 2002 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात चाचणीतले बहुतेक गुण आईबापांकडून पिल्लात उतरण्याचं प्रमाण कमीच निघालं. बापाचा करंडक पिल्लासोबत येत नाही, असंच म्हणा ना. त्यातून घ्यायचंच असेल तर बापाचे व्हिडिओ बाजूला ठेवून आई पाहायला मागा. ती अनोळखी माणसापुढे कशी वागते, मालकाच्या हाकेला येते का, हे पाहा. पण तुमच्या डोंगरात माझा सल्ला विचाराल तर पिल्लू घेऊ नका. तुमच्याच पाड्यात वहीत पहिली ठरलेली कुत्री असेल, तिचं पिल्लू ठेवा. आणि वाचलेल्या पैशांतून आधी घरातल्या सगळ्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्या. शर्यत जिंकलेल्या कुत्र्यालाही ती लागतेच.