चार वाजता अंगणवाडी सुटते

कर्नाटकातल्या गणेशगुडीजवळच्या एका होमस्टेत तिला कामाला ठेवताना मालक म्हणाला होता, "आठवड्यातून तीन दिवस, दहा ते तीन. चादरी आणि भांडी, बस." रोज दोनशे रुपये. सगळं तोंडी. ही 'ती' म्हणजे मीच. पण 'मी' लिहिलं की आधी राग उतरतो आणि कामाचं सांगायचं राहून जातं, म्हणून 'ती'च ठेवते.

नवरा गोव्यात बांधकामावर होता, तिथेच वारला. मुलगी चार वर्षांची. अंगणवाडी चारला सुटते आणि त्यानंतर गावाकडे जाणारी बस एकच. ती चुकली की काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून लेकराला घेऊन अंधारात चालायचं. जोयडा तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मालकालाच तेवढं समजत नव्हतं.

शुक्रवारी राफ्टिंगचे पाहुणे यायचे. तीनचे साडेतीन व्हायचे, मग "या दोन खोल्या तेवढ्या आवर." एका शुक्रवारी ती पावणेपाचला पोचली. अंगणवाडीला कुलूप. पायरीवर मदतनीस अक्का बसलेल्या, स्वतःच्या घरच्या चुलीची वेळ टळून गेलेली. शेजारी मुलगी, चपला उलट्या पायांत, दप्तराचा बंद दातांत धरून. रडून झालं होतं. "सगळे गेले," एवढंच लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने जादा तासांचे पैसे मागितले. पाहुण्यांसमोर मालक म्हणाला, "तुला सरकारचे दोन हजार येतात की. बस फुकट, तांदूळ फुकट. अजून काय पाहिजे?"

ते दोन हजार तिला कधीच मिळाले नव्हते. ही गोष्ट तिलाही कळली ती त्याच आठवड्यात, बँकेत पासबुक छापून घेताना. पानभर फक्त विधवा पेन्शनचे आठशे, आठशे. 30 ऑगस्ट 2023 ला सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेचे ₹2,000 जातात रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव आहे त्या बाईला. तिचं नाव सासरच्या कार्डात, आणि प्रमुख सासूबाई. पैसे घरातच खर्च झाले, हे खरं. पण इतके महिने दीर, शेजारी आणि मालक सगळे तिच्या नावावर ते दोन हजार मोजत होते, आणि घरात कुणी तिला सांगितलं नाही, हे ती विसरणार नाही.

म्हणून एकट्या आईने पहिल्यांदा रेशन कार्ड उघडून बघावं, प्रमुख कोण आहे ते. कार्ड वेगळं करायचं तर लगेच मागे लागावं. अर्ज घेतात थोडे दिवस, मग बंद होतात. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, त्यामुळे गोव्यातून दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच आणाव्यात. ती एक घेऊन आली आणि पुन्हा गेली, दोन दिवसांची मजुरी बुडवून.

माहेर महाराष्ट्रातल्या चंदगडचं असेल तर आधारवरचा पत्ता बदलून घ्या. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, पण इथला पत्ता दाखवावा लागतो. तिच्या आधारवर माहेरचा पत्ता होता. सहा महिने तिने तिकीट काढलं.

आता तासांचा हिशोब, कारण खरी गोम तिथेच आहे. विधवा पेन्शनला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ₹32,000. आठवड्याचे तीन दिवस म्हणजे वर्षाचे 156; दोनशेने ₹31,200. काठावर बसतं. मालकाने "सहाही दिवस ये" म्हटलं तेव्हा ती पेन्शन जाईल म्हणून घाबरली. घाबरायचं कारण नव्हतं: पेन्शनचे वर्षाला ₹9,600 गेले असते आणि मजुरी ₹31,200 ने वाढली असती. अडत होतं ते मुलीला चारनंतर कोण बघणार इथे. काम वाढवायचं की नाही हे कागदावर मांडून बघा, आणि वाढलेलं उत्पन्न लपवू नका, मागाहून ते आपल्याच अंगाशी येतं. आणि त्या दोनशेचं काय सांगावं? 2024-25 मध्ये कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ₹349 होती. त्या कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिलाही मजुरी द्यायची, असा 2005 च्या कायद्यातच नियम होता. तो गावात कुणी मागितला नाही. तिनेही नाही, तेव्हा माहीतच नव्हता.

कन्नड वाचता येत नसेल तर कचेरीत वाचणारं माणूस सोबत न्या, अंगठा किंवा सही नंतर. शेजार धरून ठेवा. तब्येतीकडे बघा.

कामाची वेळ पहिल्याच दिवशी लिहून घ्या, साध्या वहीत का होईना, आणि खाली मालकाची सही. मालक नाही म्हणाला तर रोज आपणच आल्या-गेल्याची वेळ लिहा. त्या शुक्रवारनंतर तिने तसं सुरू केलं, मुलीच्या जुन्या चित्रांच्या वहीत, मागच्या पानांवर. काम सोडलं त्या दिवशी बेरीज केली: 37 तास जादा. मालकाला पान दाखवलं. त्याने वही हातात घेतली, पुढची चित्रं चाळली आणि परत दिली. पैसे अजून आलेले नाहीत.