घर भाड्याचे की विकतचे? एक गणिताचा धडा



गेल्या सत्रात एक पालक शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. मुलगा सहावीत, हजेरी उत्तम. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "सर, मकानमालकांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या आहेत. तिथे यात्रेकरूंना उतरवायचे आहे म्हणतात. देवास गेटजवळ आता आमच्या ऐपतीचे घर मिळत नाही." त्यांच्या पिशवीत एका कॉलनीचे रंगीत पत्रक होते. "आता किरायाचे घर नकोच. कर्ज काढून काहीतरी घेऊनच टाकतो. सिंहस्थानंतर भाव कुठे जातील कोण जाणे!"

दाखला मी दोन दिवस थांबवला आणि कागद-पेन्सिल काढली. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून जो हिशेब केला, तोच आजचा धडा. आठवीपासून वर्गात आपण जे हिंदीत 'चक्रवृद्धि ब्याज' म्हणून शिकतो, तेच हे चक्रवाढ व्याज. फक्त इथे गुणांऐवजी घर पणाला लागलेले असते. (माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तेव्हा भाषेत कुठे माळवी-हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावे.)

११ ऑक्टोबर २०२२ रोजी 'महाकाल लोक'चे उद्घाटन झाले. त्यानंतर उज्जैनला येणाऱ्या भाविकांची संख्या किती वाढली, हे आपण रस्त्यावर पाहतोच. २०२८ चे सिंहस्थही जवळ आले आहे. स्टेशन आणि बसस्थानक आपल्याच टोकाला असल्याने ज्या खोलीत एक कुटुंब महिनाभर राहत असे, तिचे भाडे आता एका रात्रीच्या हिशेबाने मागता येते. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे घाबरून जाऊन घर विकत घेणे हा वेगळा प्रश्न आहे.

उदाहरणासाठी असे समजू, की घर २५ लाखांचे आहे. तसल्याच घराचे भाडे महिना ७,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ८४,००० रुपये. ही रक्कम घराच्या किमतीच्या साडेतीन टक्क्यांहूनही कमी भरते. आता जवळचे ५ लाख घालून २० लाखांचे कर्ज घेतले, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे. मासिक हप्ता येतो सुमारे १७,९९५ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले १५,००० रुपये नुसते व्याजात जातात आणि मुद्दल फिटते जेमतेम तीन हजार! पाच वर्षांत तुम्ही बँकेत १० लाख ८० हजार भरता, तरी कर्ज उरते १७ लाख ७४ हजार. निम्मे मुद्दल फिटायला चौदा वर्षे लागतात. हा आकडा मी त्या पालकांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो दोनदा तपासून पाहिला.

"पण भाडे म्हणजे पैसे पाण्यातच ना?" हे वाक्य आपल्या समाजात इतक्या वेळा ऐकू येते, की ते कोणी तपासतच नाही. भाडे पाण्यात, तर मग व्याज कुठे जाते? भाड्याने आपण छप्पर विकत घेत नाही, पण त्या छपराखालचे एक वर्ष विकत घेतो.

आता भाडेकरूचा हिशेब. रजिस्ट्रीचा खर्च पुष्कळ जण विसरतात. आपल्या मध्य प्रदेशात शहरी भागात मुद्रांक व नोंदणी मिळून तो दहा टक्क्यांच्या वर जातो. आपण सोयीसाठी अडीच लाख धरू. म्हणजे घर न घेणाऱ्याजवळ साडेसात लाख शिल्लक राहतात. सहा टक्के व्याजाने पाच वर्षांत त्यांचे १० लाख होतात. भाडे दरवर्षी पाच टक्के वाढले तरी हप्ता आणि भाडे यांतील अंतर सरासरी १०,००० रुपयांचे राहते. ते दरमहा आवर्ती खात्यात टाकले तर आणखी ७ लाख होतात. एकूण १७ लाख. घर घेणाऱ्याने त्याची बरोबरी करायची, तर पाच वर्षांनी घर पावणेपस्तीस लाखांना विकले गेले पाहिजे. म्हणजे किंमत दरवर्षी पावणेसात टक्क्यांनी वाढली पाहिजे. वाढेलही! पण ती वाढेलच असे पत्रक छापणारा सांगतो, बँक लिहून देत नाही. शिवाय हे १७ लाख ज्याने महिन्याच्या महिन्याला खरोखर बाजूला टाकले त्याचेच. लग्नकार्यात खर्च करणाऱ्याचे नव्हेत. अशा माणसाला हप्त्याची सक्तीच बरी.

दुसरी बाजूही पाहा. ७,००० रुपयांचे भाडे पाच टक्क्यांनी वाढत विसाव्या वर्षी १७,६८९ रुपये होते, म्हणजे जवळपास हप्त्याएवढेच. त्यानंतर घर घेणाऱ्याचा हप्ता संपतो, पण भाडे मात्र संपत नाही, आणि तेव्हा वय निवृत्तीचे असते. म्हणून माझे मत असे : दहा-पंधरा वर्षे उज्जैनमध्येच राहायचे हे पक्के असेल आणि हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्शात बसत असेल, तर घर अवश्य घ्यावे. बदलीची नोकरी असेल, किंवा मुले शिकायला इंदूर-पुण्याला जाणार आणि मागोमाग आपणही जाणार, असे असेल तर थांबावे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली. आपल्यातल्या कित्येकांचे पूर्वज मराठी राज्याच्या चाकरीमुळे इकडे आले. चाकरी हलते, वाडा हलत नाही.

व्याजाचा दर कायम राहील असेही धरू नये. मे २०२२ पूर्वी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. त्याआधी ७ टक्क्यांनी घेतलेल्या २० लाखांचा हप्ता १५,५०६ रुपये. दर साडेनऊ होताच त्या २० लाखांवरचे महिन्याचे व्याजच १५,८३३! हप्ता व्याजालाही पुरेना. अशा वेळी एक तर हप्ता वाढतो, नाही तर मुदत लांबते, आणि मुदत लांबली की घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरल्यास बँकेला दंड घेता येत नाही. दिवाळीचा बोनस तिथे टाकावा.

आणि ते रंगीत पत्रक? प्लॉट स्वस्त होता, कारण जमीन सिंहस्थ मेळा क्षेत्राच्या कडेला होती. मेळा क्षेत्रात पक्क्या बांधकामाला परवानगी नसते, तरी तिथे बेकायदा कॉलन्या उभ्या राहिल्या आहेत. नगर तथा ग्राम निवेशचा मंजूर नकाशा, महापालिकेची विकासाची परवानगी आणि रेरा नोंदणी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. नोटरीच्या कागदावर घेतलेला प्लॉट आपला होत नाही, रजिस्ट्रीच हवी. आमच्या पालकांनी चौकशी केली आणि ते पत्रक फाडून टाकले.

भाडेकरूंनीही करारनामा लेखी करावा. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी कायद्याने आवश्यक असते, म्हणून सगळीकडे अकरा महिन्यांचा करार चालतो. त्यात भाडेवाढीचा दर आणि घर सोडण्याची आगाऊ सूचना किती दिवसांची, हे लिहून घ्यावे. आणि आमच्या विश्वस्त मंडळातील ज्या ज्येष्ठांची घरे भाड्याने दिलेली आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती : घर रिकामे करून घ्यायचेच असेल तर ते वार्षिक परीक्षेनंतर करून घ्यावे. मार्गशीर्ष-पौषात सामान हलले की मुलाचे वर्ष हलते.

त्या पालकांनी नानाखेड्याकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. लांब पडते, पण मुलगा सकाळी मॅजिकने येतो. दाखला मी फाईलमध्ये तसाच ठेवला आहे. दरमहा किती बाजूला टाकायचे ते त्यांनी त्याच कागदावर लिहून नेले.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रश्न : वरच्या उदाहरणात भाडे ७,००० ऐवजी ११,००० रुपये धरा, बाकी सारे तेच. पाच वर्षांनी घर कितीला विकले गेले तर बरोबरी होईल? घरी आई-वडिलांसोबत बसून सोडवा आणि वही सोमवारी माझ्या टेबलावर आणून ठेवा.