मुद्रणासाठी कागदाची निवड : सुरतेच्या साडीव्यवसायाचे उदाहरण

सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी १६७० साली ईस्ट इंडिया कंपनीकडे एका मुद्रकाची मागणी केली. मराठी वाचकास हे वर्ष शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील दुसऱ्या स्वारीमुळे परिचित आहे. कंपनीने १६७४ साली हेन्री हिल्स या मुद्रकाची नेमणूक केली आणि त्याच्यासमवेत छापयंत्र, खिळे व पुरेसा कागदही धाडण्याची व्यवस्था केली. हिल्सला खिळे घडविण्याची विद्या अवगत नव्हती. त्यामुळे देशी लिपीत ग्रंथ छापण्याचा भीमजींचा मनोदय सिद्धीस गेला नाही. तथापि यंत्र, अक्षर आणि कागद यांचा विचार एकत्रच करावा लागतो, ही जाण त्या पाठवणीत होती. अलीकडे मात्र आराखडा पूर्ण होतो, रंग ठरतात, आणि कागदाचा प्रश्न अखेरीस केवळ भावाचा प्रश्न म्हणून पुढे येतो. पुष्कळ चांगले काम येथेच बिघडते.

याच सुरतेतील रिंग रोडवरच्या कापडबाजारातून बाहेर पडणारी साडी आपल्यासोबत बराच कागद घेऊन जाते. तिच्यावर चिठ्ठी असते, घडीत आतला कागद असतो, बाहेर पेटी असते आणि विक्रीसाठी सूचिपत्र असते. या चारही वस्तूंना एकच कागद चालत नाही. कागद कोणाच्या हाती जाणार, कशाला स्पर्श करणार आणि किती दिवस टिकला पाहिजे, हे आधी विचारले म्हणजे निवड बरीचशी सोपी होते.

सूचिपत्राचे उदाहरण प्रथम घेऊ. दूरगावचा दुकानदार छापील चित्र पाहून मागणी नोंदवितो. माल पोहोचल्यावर साडीचा रंग चित्राशी जुळला नाही, तर माल परत येतो. या तफावतीचे एक मोठे कारण कागदात असते. मॅपलिथोसारखा लेपरहित कागद शाई शोषून घेतो, चित्राचे बारीक ठिपके पसरतात आणि गडद छटा मळकट होतात. यास्तव अशा कागदावर इंचास सुमारे १३३ ते १५० ओळींची स्क्रीन योग्य ठरते. आर्ट पेपरवर पांढऱ्या खनिजाचा लेप असल्याने शाई पृष्ठभागावर राहते व १७५ ओळींची स्क्रीनही स्वच्छ उमटते. परंतु लेप असला म्हणजे सर्व साधले, असे नाही. अनेक कागदांत शुभ्रता वाढविणारी द्रव्ये असतात. त्यांमुळे कागद निळसर पांढरा दिसतो आणि मोतिया किंवा बदामी साडी त्यावर आपली ऊब गमावते. चकचकीत कागद गडद रंग खुलवितो, पण दुकानातील दिव्याखाली त्यावर प्रकाश परावर्तित होऊन विणीचा पोत दिसेनासा होतो. तेथे मॅट लेपाचा कागद सरस. आणि नमुना-छपाई ज्या कागदावर काम व्हायचे त्याच कागदावर काढावी. दुसऱ्या कागदावरील नमुना मंजूर करून घेणे म्हणजे भांडणाची पूर्वतयारीच होय.

घडीतील कागदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण त्यावर काही छापलेलेच नसते, किंवा फार तर पेढीचे चिन्ह असते. सुरतेच्या खऱ्या जरीत मात्र चांदी असते आणि गंधकाच्या संयुगांनी चांदी काळवंडते. काही कागदांत, विशेषतः क्राफ्ट पद्धतीच्या लगद्यापासून केलेल्या कागदांत, गंधकाचा अंश शिल्लक राहू शकतो. पुनर्निर्मित रद्दीच्या कागदात काय काय आले असेल, याचा भरवसा नसतो. दमट हवेत महिनोन्‌महिने बंद पेटीत राहिलेल्या साडीचा पदर अशा कागदाच्या सान्निध्यात काळा पडू शकतो. म्हणून खऱ्या जरीला लागून ठेवायचा कागद आम्लरहित व गंधकमुक्त असल्याची लेखी खात्री पुरवठादाराकडून घ्यावी. प्लॅस्टिक जरीला हा धोका तुलनेने कमी. तिच्यासाठी साधा स्वच्छ कागद पुरतो आणि तेथे जास्त खर्च करण्याचे कारण नाही.

चिठ्ठीसाठी एका बाजूस लेप असलेला क्रोमो कागद घेतात. पाठ कोरी असल्याने डिंक चांगला धरतो.

पेटीसाठी बहुधा करड्या पाठीचा डुप्लेक्स बोर्ड वापरला जातो. येथे जाडीइतकेच महत्त्व तंतूंच्या दिशेला, म्हणजे छापखान्यातील भाषेत ग्रेनला, असते. कागद यंत्रावर तयार होताना बहुतेक तंतू एकाच दिशेने लागतात. ओलावा मिळाला की तंतू लांबीपेक्षा रुंदीत अधिक फुगतात. त्यामुळे कागद ग्रेनला आडवा वाढतो. पेटीच्या मुख्य घड्या ग्रेनला काटकोनात आल्या, तर तिच्या बाजू फुगत नाहीत. पुस्तकात याच्या उलट, ग्रेन बांधणीच्या कण्याला समांतर हवा. नाहीतर पाने ताठ उभी राहतात. ग्रेन ओळखण्यास उपकरण लागत नाही. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करावा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो, ती ग्रेनची दिशा. फाडून पाहिल्यास ग्रेनच्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडल्यास वेडावाकडा.

तापीच्या मुखाजवळच्या या शहरात पावसाळ्यात हे ज्ञान विशेष उपयोगी पडते. वेष्टन काढून ठेवलेल्या कागदाच्या कडा दमट हवेत ओलावा घेऊन लाटांसारख्या होतात आणि चार रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. यंत्रघरात सुमारे ५० ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखता आली तर उत्तम. ते शक्य नसल्यास निदान कागद एक दिवस आधी आणून वेष्टनासह तेथेच ठेवावा आणि लागेल तेवढाच उघडावा.

उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या लग्नपत्रिकांच्या बाबतीत वेगळीच अडचण येते. चकचकीत लॅमिनेशन केलेल्या पत्रिकेच्या कोपऱ्यांवर हळदकुंकू ठरत नाही, बोटाला पुसून येते. पाकिटावर लिहिलेले नावही फरफटते. लेपरहित, किंचित जाड कागद या कामाला अधिक योग्य. हातकागदाची शोभा निराळीच, परंतु त्याच्या खडबडीत पृष्ठावर बारीक टंकातील अनुस्वार आणि रफार तुटतात. देवनागरीत एक अनुस्वार गेला तर एकवचन-अनेकवचनाचा घोटाळा होतो. तेव्हा हातकागद घेतल्यास टंक मोठा व ठसठशीत घ्यावा.

राहता राहिला खर्च. कागद सामान्यतः वजनावर विकला जातो. २० × ३० इंच आकाराच्या ५०० तावांच्या रिमाचे वजन ८० जीएसएममध्ये सुमारे १५.५ किलो, तर ७० जीएसएममध्ये सुमारे १३.५ किलो भरते. ही दोन किलोंची बचत एका बाजूस छापायच्या पत्रकात जरूर करावी. दोन्ही बाजूंस चित्रे असतील तर मागची छपाई पुढे दिसू लागते. खरी बचत आकारात असते. २३ × ३६ इंचांच्या तावात कडा छाटण्यापूर्वीची ९ × ११.५ इंचांची आठ पाने बसतात. आराखडाकाराने हौसेने ९.५ × १२ इंच धरले की सहाच बसतात आणि तावाचा सुमारे सहावा हिस्सा कातरणात जातो. म्हणून पानाचा आकार कागदावर रेघ ओढण्यापूर्वी मुद्रकास विचारून ठरवावा. मंजूर झालेल्या कागदाचा एक कोरा ताव, त्यावर कारखान्याचे नाव, जीएसएम व खरेदीची तारीख लिहून, कामाच्या फाइलीत ठेवावा. पुनर्मुद्रणाच्या वेळी तोच उपयोगी पडतो.